कोळशाचा हिशेब चारचौघांत

विहिरीवर नवे इंजिन बसले की बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : "तेल किती पितं?" पाणी किती येते ते विचारावे लागत नाही, ते पाटात दिसतेच. तेल किती जाते हे मात्र मालक सांगेल तेवढेच आपल्याला कळते. आणि मालकही कधी खरे सांगतो, कधी थोडे हात राखून सांगतो. कारण इंजिन त्यानेच चार दुकाने फिरून पसंत केलेले असते. आपल्या पसंतीला आपणच नाव कसे ठेवायचे?

श्रोतेहो, "तेल किती पितं" या साध्या प्रश्नाचे उत्तर एका मुलखातल्या लोकांनी एकदा दर महिन्याला छापून काढायला सुरुवात केली, आणि त्यातून पाणी उपसण्याच्या इंजिनांचा सारा नूरच पालटला. ती हकीगत आज सांगायची आहे. ती आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात जिभेसारखा शिरलेला कॉर्नवॉल नावाचा एक भाग आहे, तिथली ती आहे. आणि काळ आहे दोनशे वर्षांपूर्वीचा.

कॉर्नवॉलच्या पोटात तांबे आणि कथील. खाणी खोल जाऊ लागल्या तसे पाणी लागू लागले. आपल्याला विहिरीला पाणी लागले की आनंद होतो. खाणवाल्याच्या पोटात गोळा येतो. उपसा थांबला की खाण बुडाली आणि मजूर घरी बसले, असा तो मामला. उपशासाठी वाफेची इंजिने होती. पण वाफेला कोळसा लागतो, आणि कॉर्नवॉलमध्ये कोळशाचा खडादेखील निघत नाही! तो समुद्रापलीकडून, दक्षिण वेल्समधून, गलबतांनी आणावा लागे. म्हणजे तिथल्या माणसाला कोळशाचा प्रत्येक घमेला मोजून टाकणे भागच होते.

जेम्स वॉट हे नाव गुरुजी मंडळींना आणि शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे. वॉटने वाफ थंड करण्यासाठी इंजिनाला वेगळे भांडे जोडले, त्यामुळे कोळसा पुष्कळ वाचला. या कल्पनेचे पेटंट, म्हणजे मक्ता, त्याने १७६९ मध्ये घेतला. पुढे पार्लमेंटने कायदा करून तो १८०० पर्यंत वाढवून दिला. वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांची आकारणी मोठी हुशारीची होती. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा आमचा, असा त्यांचा करार. आता वाचला किती हे ठरवायचे कसे? त्यासाठी इंजिनावर एक मोजयंत्र बसवले जाई. इंजिनाने किती ठोके मारले ते त्यात आपोआप नोंदले जाई, आणि त्याला कुलूप असे.

खाणवाल्यांना ही वसुली फार डाचे. इंजिन आमचे, कोळसा आमचा, आणि बरमिंगहॅममध्ये बसलेल्या माणसांना दरमहा पैसे काय म्हणून? शिवाय त्या इंजिनात कुणी स्थानिक कारागिराने सुधारणा केली की वॉटचे वकील हजर. हॉर्नब्लोअर आणि बुल या दोघा इंजिनिअरांशी कज्जे चालले, पैसे अडवून धरले गेले, मने कडू झाली. अखेर १८०० साली मक्ता संपला. खाणवाल्यांनी सुटकेचा निश्वास टाकला.

मौज आहे ती पुढेच. मक्ता संपला, कल्पना सगळ्यांना मोकळी झाली, आता इंजिने झपाट्याने सुधारतील असे कुणालाही वाटेल. झाले उलटे. बोल्टन आणि वॉट यांची माणसे निघून गेली आणि त्यांच्याबरोबर मोजमापही गेले. ठोके मोजणारा कुणी उरला नाही. ज्याच्या त्याच्या इंजिनाची निगा ज्याच्या त्याच्या मर्जीवर. वाफ गळते आहे, दट्ट्या घासतो आहे, बॉयलरवर राख चढली आहे, कोण बघतो? पूर्वी जेवढे काम होई तेवढेही होईना. कल्पना नुसती मोकळी केली म्हणजे ती आपोआप वाढते असे नाही, हे कॉर्नवॉलने दहा-अकरा वर्षे तोटा सोसून पाहिले.

१८११ मध्ये काही खाणींच्या भागीदारांनी मिळून एक गोष्ट ठरवली. जोएल लीन या नावाच्या अनुभवी खाणप्रमुखाला त्यांनी सांगितले की तुम्ही आमच्या इंजिनांवर फिरा, कोणते इंजिन किती कोळशात किती पाणी काढते ते मोजा, आणि दर महिन्याला सगळ्यांची एकच यादी छापा. ऑगस्टपासून यादी निघू लागली. पुढच्याच वर्षी जोएल वारला, पण त्याच्या मुलांनी ते काम चालवले, आणि 'लीनचा इंजिन रिपोर्टर' या नावाने ओळखले जाणारे ते पत्रक १९०४ पर्यंत निघत राहिले. कुलूपबंद मोजयंत्र पूर्वीचेच. पूर्वी ते वसुलीसाठी फिरे, आता तुलनेसाठी फिरू लागले, इतकाच काय तो फरक. पण केवढा फरक!

हिशेब कसा करीत ते सांगतो. गुरुजींनी फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे. पंपाच्या नळकांड्याचा व्यास आणि ठोक्याची लांबी माहीत असली की एका ठोक्याला किती वजनाचे पाणी उचलले जाते ते कळते. त्याला पाण्याच्या खोलीने गुणायचे. त्याला महिन्याभरातल्या ठोक्यांनी गुणायचे. आणि महिन्यात जाळलेल्या कोळशाने भागायचे. कोळसा मोजायचे माप बुशेल. त्यात ९४ पौंड, म्हणजे साधारण ४२ ते ४३ किलो कोळसा मावे. उत्तर येई ते असे : एका बुशेल कोळशात इतके पौंड पाणी एक फूट उंच चढले. या आकड्याला ते 'ड्यूटी' म्हणत. आपण त्याला इंजिनाची कामगिरी म्हणू.

यादीत नुसता हा आकडा नसे. खाणीचे नाव, सिलिंडरचा व्यास, त्यावरचा भार, ठोक्याची लांबी, पंपांची संख्या आणि खोली, जळलेला कोळसा, ठोक्यांची संख्या, असे रकानेच्या रकाने असत. शेवटी शेऱ्याचा रकाना. आणि प्रत्येक इंजिनाच्या ओळीत त्या इंजिनाची जबाबदारी असलेल्या इंजिनिअराचे नाव. नावाचा हा रकाना ध्यानात ठेवा. त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता परिणाम पाहा. १८११ मध्ये यादीतल्या इंजिनांची सरासरी कामगिरी होती पावणेदोन कोटी पौंडांच्या आसपास. १८४० नंतरच्या काही वर्षांत ती पाच कोटींच्या वर गेली होती. ही सरासरी झाली. उत्तम इंजिन पाहायचे तर १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीवर विल्यम वेस्ट याच्या इंजिनाची मुद्दाम चाचणी घेतली, तेव्हा आकडा आला साडेबारा कोटी! कोटी आणि पौंड यांनी डोळे फिरत असतील तर आपल्या मापात सांगतो. दहा मीटर खोल पाण्याची विहीर धरा. १८११ च्या सरासरी इंजिनाने एका बुशेल कोळशात तिच्यातून सव्वादोन-अडीच लाख लिटर पाणी वर काढले असते. वेस्टच्या इंजिनाने त्या चाचणीच्या दिवशी, तेवढ्याच कोळशात, सतरा लाख लिटरच्या वर काढले असते. चाचणीच्या दिवसाचा आकडा रोजच्या कामात टिकत नाही, हे तुम्हां शेतकऱ्यांना सांगायला नकोच. पण तो वजा धरूनही उरते ते थोडे नाही.

यामागे एखादा एकच मोठा शोध होता का? तसे नव्हते. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८१२ मध्ये व्हील प्रॉस्पर नावाच्या खाणीवर जोरदार दाबाच्या वाफेचे इंजिन उभे केले. (इथले 'व्हील' म्हणजे चाक नव्हे; कॉर्निश भाषेत तो खाणीसाठीचा शब्द आहे.) दाबाची वाफ सिलिंडरात थोडी आत घ्यायची, झडप लवकर बंद करायची, आणि उरलेले अंतर वाफेने आपल्या फुगण्याच्या बळावर दट्ट्या ढकलायचा, अशी ती युक्ती. ट्रेव्हिथिकचेच लांब नळकांड्यासारखे बॉयलर पुढे 'कॉर्निश बॉयलर' म्हणून जगभर गेले. सॅम्युएल ग्रोजने १८२७-२८ च्या सुमारास नळ्या, सिलिंडर, बॉयलर यांना जाड वेष्टणे घालून उष्णता बाहेर जाऊ दिली नाही; त्याच्या व्हील टोवान खाणीवरच्या इंजिनाने आकडा एकदम वर नेला. बाकी सुधारणा बारीक बारीक : झडपेचा आकार थोडा बदल, वाफ थोडी आधी तोड, जाळी थोडी खाली घे. एकाने केले की महिन्याच्या यादीत आकडा दिसे, शेजारच्या खाणीचा इंजिनिअर जाऊन पाही, घेई, त्यात आपले काही घाली. एकाच्या डोक्यातून निघालेली कल्पना दहा हातांनी घासली जाई.

एकमेकांचे स्पर्धक असलेले खाणवाले आपली गुपिते अशी वेशीवर का टांगत होते, असा प्रश्न मनात येईल. ती माणसे काही संत नव्हती! पण त्यांची परिस्थिती निराळी होती. एकाच माणसाचे तीन-चार खाणींत हिस्से असत. एका खाणीची युक्ती दुसरीत गेली तर नुकसान कुणाचे? तांब्याचा भाव बाजार ठरवी, शेजाऱ्याचा कोळसा वाचला म्हणून आपल्या मालाची किंमत उतरत नसे. उसाचा भाव जसा शेजाऱ्याच्या ठिबकामुळे पडत नाही, तसेच हे. आणि इंजिनिअर लोक एका खाणीचे बांधलेले नोकर नसत. ते अनेक खाणींची कामे घेत. ज्याच्या नावापुढे मोठा आकडा, त्याच्या दारात पुढच्या कामाची बोलावणी. तेव्हा आपली रीत लपवण्यापेक्षा दाखवण्यात त्यांचा फायदा होता. पोटाला परवडले म्हणून ते मोकळेपण टिकले, असे माझे मत आहे. वॉटच्या कज्ज्यांनी पेटंटविषयी मने विटली होती, तीही मदतीला आली.

पण आकड्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. लीनचा हिशेब नळकांडे प्रत्येक ठोक्याला काठोकाठ भरते असे धरून चाले. पंप गळका असला, हवा ओढत असला, तरी कागदावर पूर्ण पाणी चढे. चांगला वेल्श कोळसा टाकला की आकडा फुगे. याहून मोठी गोष्ट म्हणजे यादी फक्त कोळसा मोजत होती. दाब वाढवून, वाफ लवकर तोडून आकडा चढवता येई. पण मग दट्ट्याला एकदम धक्का बसे आणि खाणीत उतरलेल्या शेकडो फूट लांब दांड्यांना हिसके बसत. दांडे तुटत, काम बंद पडे. त्या दुरुस्तीचा खर्च यादीत कुठेच नव्हता. पुढे पुढे पुष्कळ खाणींनी आकड्याचा हव्यास सोडून इंजिने जरा सबुरीने चालवायला सुरुवात केली, काहींनी यादीतून नाव काढून घेतले, आणि सरासरी उतरली. ज्याला गुण द्याल ते वाढते. ज्याला गुण नाहीत ते मागे पडते. शिक्षकांना परीक्षेचा अनुभव आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको.

आता आजच्याकडे येऊ. खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ मध्ये लिहायला घेतली आणि सगळ्यांना पाहायला, बदलायला खुली ठेवली. याला ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणतात. जगभरच्या हजारो लोकांनी तीत भर घातली आहे. ऐकणाऱ्याला वाटते, म्हणजे कुणीही यावे आणि काहीही लिहून जावे! तसे नाही. प्रत्येक बदल जाणती माणसे तपासतात, पुष्कळसे परत पाठवतात. आणि घेतलेला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला, याची नोंद नावानिशी कायम राहते. लीनचे रकानेच ते, नव्या वेषातले.

आणि याच फोनवर दुसरा एक प्रकार आहे, तारे देण्याचा. बियाणे असो, फवारणीचा पंप असो, पाच तारे, चार तारे. मला या ताऱ्यांचे फारसे कौतुक नाही. देणाऱ्याने वस्तू किती दिवस वापरली, कोणत्या जमिनीत, कशाशी तुलना करून, हे ताऱ्यात दिसत नाही. पाचशे जणांची गोळा केलेली मर्जी म्हणजे माप नव्हे. लीन कुणाची मर्जी विचारायला गेला नव्हता. तो कोळसा तोलायला गेला होता, आणि त्याचे स्वतःचे इंजिन त्या शर्यतीत नव्हते.

नावाच्या रकान्याकडे परत येतो म्हटले होते. ट्रेव्हिथिकने व्हील प्रॉस्परच्या इंजिनाचे पेटंट घेतले नाही. आजूबाजूच्यांनी ते पाहून आपापली इंजिने बांधली. तो १८१६ मध्ये दक्षिण अमेरिकेत पेरूला गेला आणि १८२७ मध्ये जवळजवळ रिकाम्या हाताने परत आला. आपल्या इंजिनांमुळे देशाचा एवढा कोळसा वाचला, काही बिदागी द्यावी, असा अर्ज त्याने पार्लमेंटकडे केला. काही मिळाले नाही. १८३३ मध्ये तो डार्टफर्ड गावी कफल्लक अवस्थेत वारला, आणि बरोबरच्या कामगारांनी वर्गणी करून त्याला पुरले. ज्याच्या कल्पनेने खाणी तरल्या त्याच्या कबरेवर दगडही नव्हता. कल्पना मोकळी ठेवण्याचे गोडवे गाणाऱ्यांनी ही गोष्ट वगळू नये.

आपल्याकडेही अशीच एक गोष्ट आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. जमीन एक-दीड एकर, शाळा दुसरी-तिसरीपर्यंत. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुढची काही वर्षे निवड करत गेले, आणि बारीक दाण्याचा, भरघोस उताऱ्याचा एक वाण हाती आला. त्यांनी तो दडवून ठेवला नाही. मागेल त्याला बी दिले. बाजारात त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एच.एम.टी. हे नाव पडले, आणि तो तांदूळ कुठल्या कुठे जाऊन पोचला. घराघरांत भात शिजला. पण पोत्यावर घड्याळाचे नाव, दादाजींचे नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला, तोवर दोन दशके उलटली होती. जून २०१८ मध्ये ते गेले, आणि त्यांची अखेरची वर्षे पैशाच्या ओढीत गेली. शेतकऱ्याने वाढवलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावावर करता येईल असा कायदा आपल्याकडे २००१ मध्ये झाला. दादाजींनी पहिली लोंबी खुडली तेव्हा तो नव्हता. गावात एखादी वही असती, कुणी गुरुजींनी त्या वर्षी तारीख घालून लिहून ठेवले असते, की अमक्याच्या शेतात अमुक लोंब्या निघाल्या, बी अमक्याला दिले, उतारा इतका आला, तर पुढे लागलेली पुष्कळ वर्षे वाचली असती असे मला वाटते.

अशी वही सुरू करायला सरकारी हुकूम लागत नाही. पंपापासूनच आरंभ करा, कारण तो मोजायला सोपा. दोनशे लिटरचे पिंप घ्या आणि ते भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहा. तीनदा पाहा, सरासरी घ्या. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. पाणी जिथे पडते तिथपर्यंतची सगळी उंची धरा. टाकी खुणेपर्यंत भरून इंजिन तासभर चालवा, आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती डिझेल लागले ते मापाने ओता. समजा पिंप २५ सेकंदांत भरले : तासाला २८,८०० लिटर झाले. उंची १० मीटर, डिझेल १ लिटर : कामगिरी २,८८,०००. शेजाऱ्याची याच रीतीने काढा. विजेच्या मोटारीला मीटर असेल तर डिझेलच्या जागी युनिट लिहा. मीटरच नसेल तर हा हिशेब अडतो, त्याला इलाज नाही. सातवी-आठवीची मुले हे काम हौसेने करतील, गुणाकार-भागाकार आपसूक होईल, आणि मोजणाऱ्याचा स्वतःचा पंप नसल्यामुळे कुणी रागावणारही नाही.

रकाने असे आखावेत : मालक, पंपाची बनावट, बसवणाऱ्या मिस्त्रीचे नाव, उंची, पिंपाचे सेकंद, तेल, कामगिरी, दुरुस्तीचा खर्च. हा शेवटचा रकाना लीनच्या यादीत नव्हता, आपण घालू. शेऱ्याची जागा मात्र चांगली रुंद सोडा. "फूट व्हॉल्व्ह गळत होता, बदलला". "पट्टा ताणून बसवला". "पाइपाचा एक वाकडा तुकडा काढला". पुढच्या महिन्यात शेजारी येईल तो आधी तीच जागा वाचील, आणि मग मिस्त्रीच्या नावाखाली बोट ठेवून विचारील, हा माणूस कोणत्या गावचा?